जिवाणूंच्या चार पेट्या

१६ एप्रिल

दुखणं : सहा. पावलं : चाळीस.

खुब्याचा सांधा बदलून घरी आलो. नर्सने ही वही हातात दिली. सहा आठवडे रोज लिहायचं — शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, किती चाललो, पोट साफ झालं का. पोटाचं मी कुणालाही सांगणार नाही, वहीलासुद्धा नाही.

वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, गाडी चालवायची नाही. पेरणी तीन आठवड्यांवर आलेली असताना शेतकऱ्याला हे सांगणं म्हणजे त्याला खुंटीला टांगून ठेवणं. झोन्या खूश आहे. "लिही, लिही. तेवढा वेळ तरी माझ्या डोक्याशी कटकट नाही." पंचेचाळीस वर्षं संसार केल्यावर बायको अशी बोलते.

१८ एप्रिल

दुखणं : पाच. डोक्याचं दुखणं वेगळं, त्याला वहीत रकाना नाही.

आज जेवताना सुनेने तोंड उघडलं. आठ वर्षांत रोविनाने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. 'हो डॅड, थँक्यू डॅड, तुम्ही बसा डॅड' — एवढंच. फिलिपिन्सहून आमच्या डनमूरच्या वृद्धाश्रमात कामाला आली, आमच्या डॅनीने तिला तिथे पाहिलं आणि आजीला भेटायला अचानक रोज जायला लागला. आता अंगणापलीकडच्या घरात दोघं राहतात. डॅनी पोटॅशच्या खाणीत — चार दिवस जमिनीखाली, चार दिवस सोफ्यावर.

माझ्या टेबलाच्या खणात हार्वी रेम्पलचे कागद आहेत. सगळी जमीन दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्याच्याकडे, यंदाच्या हिवाळ्यापासून. माझी फक्त सही राहिलीय. रेम्पल माणूस वाईट नाही. वीस हजार एकर कसतो आणि तरी बोलताना टोपी काढतो. डॅनीला शेती नको, मला खुबा नाही — मग करणार काय?

तर रोविना म्हणाली, "डॅड, सही करायच्या आधी एक वर्ष मला द्या. फक्त उत्तरेचा तुकडा. मी मसूर पेरते."

मसूर! त्या एकशेसाठ एकरांत माझ्या आजोबांपासून गहू नाहीतर तेलाचा कॅनोला. मी म्हटलं, "त्या मातीने आजवर डाळ म्हणून पाहिलेली नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. तिच्या माहेरी भात निघाला की त्याच ओलीवर मूग टाकतात. लहानपणापासून तिने तेच केलंय. पानं, मुळं, फुलं — सगळं तिला कळतं म्हणे.

डॅनी म्हणाला, "दे ना, बाबा. तिचं जमलं तर मी खाण सोडतो आणि हिचा ट्रॅक्टर चालवतो." म्हणजे माझा चालवायला लाज वाटत होती!

ठरलं. एकरी पंचवीस बुशेल उतारा आला तर शेती रोविना आणि डॅनीकडे. नाही आला तर रेम्पल. हात मिळवला. तिचा हात माझ्यापेक्षा खरखरीत निघाला.

२४ एप्रिल

दुखणं : चार. पावलं : दोनशे दहा, त्यातली निम्मी तिच्या पेट्या बघायला.

पुठ्ठ्याच्या चार पेट्या आल्या. प्रत्येकीच्या आत काळपट पाण्याची जाड पिशवी. मी म्हटलं, सूप आहे का? तर जिवाणू! जिवंत! कोटी-कोटी! पेरायच्या दिवशी हे मसुराच्या बियाण्यावर फवारायचं. रोप उगवलं की ते मुळात शिरतात, गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र ओढून रोपाला खाऊ घालतात. आपल्या मातीत मसुराचे जिवाणू नाहीतच, कारण डाळच कधी पेरली नाही. तेव्हा पेट्या नाहीत तर पीक नाही.

"म्हणजे मी आता किड्यांना पगार द्यायचा?" मी विचारलं.

"पगार नको डॅड, नुसता गारवा द्यायचा. तापू द्यायचं नाही, गोठू द्यायचं नाही."

तळघरातल्या जुन्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या. वर चिठ्ठी — 'हात लावू नये'. माझ्या घरात माझ्यासाठी चिठ्ठी.

२६ एप्रिल

दुखणं : चार.

तळघरात महायुद्ध. परवा आमचा, जुन्या पंचांगाचा ईस्टर. झोन्याला तो फ्रिज हवा — हॅम, सॉसेज, रंगवलेली साठ अंडी, आणि वर लोण्यातून घडवलेलं कोकरू, त्याला तर स्वतंत्र कप्पा. "देवाच्या टोपलीचं सामान बाहेर आणि किडे आत? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!"

रोविना हसली. पेट्या तिने मागच्या पडवीत सावलीला ठेवल्या. तिथे गार असतं. वृद्धाश्रमातल्या सगळ्यांना ईस्टरची रजा हवी, म्हणून सोमवारपर्यंत ही तिकडेच डबल ड्यूटीवर. जाताना मला म्हणाली, "डॅड, तुमच्याकडे एवढं एकच काम. यांच्याकडे लक्ष ठेवा."

मी म्हटलं, चाळीस वर्षं गाई सांभाळल्या, चार पेट्या काय चीज आहे.

२७ एप्रिल

दुखणं : सात, पण सत्कारणी.

रेडिओवर संध्याकाळी सांगितलं — उणे चौदा! एप्रिलच्या शेवटी! झोन्या टोपली घेऊन चर्चला, डॅनी खाणीत, घरात मी एकटा. गोठू द्यायचं नाही, असं ती बजावून गेलेली. मग? वजन उचलायला बंदी. पण वॉकरला बसायची जागा असते. एकेक पेटी बुडाने ढकलत वॉकरवर चढवली आणि अंगण ओलांडून वर्कशॉपमध्ये नेली. चार खेपा! बर्फाळ चिखलातून! हीटरच्या तोंडाशी नीट मांडून ठेवल्या आणि काटा वर केला. इथे पातळ असलेली प्रत्येक गोष्ट — रंग, बॅटरी, गुरांचं औषध, सासरा — ऑक्टोबर ते मे हीटरजवळच असते. पोरी, तुला सासरा चांगला मिळालाय.

२८ एप्रिल

ख्रिस्त उठला. मीही उठलो, वॉकर धरून. चौदा पाहुणे. हॅम उत्तम. दुखणं मोजलं नाही.

२९ एप्रिल

दुपारी वर्कशॉपमध्ये गेलो. दार उघडलं तर आत भट्टी. हीटर परवापासून धडधडतोय. पेटीवर हात ठेवला आणि काढून घेतला. ओव्हनमधून काढलेल्या ईस्टरच्या पावासारखी ऊब.

चष्मा आणून बाजूचं बारीक अक्षर वाचलं. पंचवीस अंशांच्या वर ठेवू नये. जिवाणू मरतात.

ओळ तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचूनही तीच.

पेट्या परत वॉकरवर, परत पडवीत. संध्याकाळी रोविना आली. थकलेली, पण आधी पडवीत गेली. "कसे आहेत माझे किडे?"

"झोपलेत," मी म्हटलं.

३० एप्रिल

दुखणं : चार. खुब्याचं.

सांगणार होतो. सकाळी सांगणार होतो, मग कॉफीनंतर सांगणार होतो. मग झोन्या समोर होती, आणि झोन्यासमोर आपला गाढवपणा सांगायला माझ्यात हिंमत नाही. ती पुढची वीस वर्षं प्रत्येक ईस्टरला पाहुण्यांना सांगेल.

आणि खरं लिहायचं तर — ही वही कोण वाचतंय — मनाच्या एका कोपऱ्यात जरा बरंही वाटलं. पीक गेलं तर मीच खरा ठरणार होतो. लाज वाटते लिहायला. पण वाटलं ते वाटलं.

१ मे

एल्मर त्वेटला फोन केला. एल्मर चौऱ्याहत्तर वर्षांचा, नॉर्वेजियन. रोज सकाळी दहाला पेट्रोलपंपावरच्या आमच्या कॉफीच्या टेबलावर बसतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही, कॉफीसुद्धा. पण गाडी चालवायला दुसरं आहे कोण? त्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की फोन खाली ठेवून पाणी प्यायला गेला.

"शप्पथ घे, कुणाला सांगणार नाहीस," मी म्हटलं.

"नेस्टर, अरे मी काय बाई आहे?" बायका बऱ्या, एल्मर.

२ मे

झोन्याला सांगितलं, डॉक्टरांनी पाय दाखवायला बोलावलंय. एल्मरच्या ट्रकमधून नव्वद किलोमीटर, प्रत्येक खड्डा खुब्यात मोजत. कृषी दुकानातली पोरगी कॉम्प्युटरवर बोटं बडवत म्हणाली, हंगाम संपत आला, सोयाबीनचं आहे, हरभऱ्याचं आहे. मसुराचं एकच उरलंय.

मी म्हटलं, हरभऱ्याचं दे की, किडे ते किडे.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डिझेलच्या गाडीत पेट्रोल मागितलं! प्रत्येक डाळीचा जिवाणू वेगळा असतो म्हणे. हरभऱ्याचा मसुराला चालत नाही. नवीन मागवले तर दहा दिवस. रोविना शनिवारी पेरणार.

एक तर एक. एक मेलेली पेटी काढून जिवंत ठेवली, शेवटच्या जागी. मेलेली एल्मरच्या घरी, त्याच्या गॅरेजमध्ये. तिचं तो काय करणार आहे देव जाणे.

४ मे

पेरणी! मी खिडकीत, गुडघ्यावर घोंगडी. रोविनाने बियाणं वर चढवता चढवता त्यावर ते पाणी फवारलं, जपून, आजाऱ्याला औषध पाजावं तसं. तीन पेट्या मेलेल्या, आणि ती प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवतेय. ट्रॅक्टर सरळ चालवते. माझ्यापेक्षा सरळ. हे तिला सांगितलेलं नाही.

चौथी पेटी शेवटी उघडली. पाणथळीकडच्या कोपऱ्यात, चाळीस एकरांत. म्हणजे एकशेवीस एकर मेलेल्यावर, चाळीस जिवंतावर. हे जगात फक्त मला आणि एल्मरला माहीत.

११ मे

वॉकर गेला, काठी आली. कॉफीच्या टेबलावर पहिल्यांदा. पैसे कोण देणार म्हणून फासे टाकले, मीच हरलो. कुणी मसुराबद्दल चकार शब्द काढला नाही. एल्मर तोंड शिवून बसलेला. कमाल आहे!

३० मे

उगवण झकास. तुकडा अख्खा हिरवागार, इकडे तिकडे सारखाच. रोविना रोज कामावरून आली की शेतात. झोन्या म्हणते, "तुझा बाप गव्हाकडे असाच बघायचा." म्हणजे मी नाही बघायचो!

नर्सला वही दाखवायचा दिवस येऊन गेला. तिला म्हटलं, हरवली.

२२ जून

आज जे झालं ते लिहितो. मग बर्फ लावतो.

दोन दिवसांपासून वाटत होतं, तुकड्याचा रंग उतरलाय. पाणथळीचा कोपरा मात्र गडद. एकटाच गेलो, काठी आणि कुदळ घेऊन. वाकायला बंदी, म्हणून आडवा झालो. सरळ कुशीवर, मसुरात. एक रोप खणून काढलं, मुळं झटकली — गुळगुळीत. एक गाठ नाही. दुसरं, तिसरं, तेच. मग लोळत, सरपटत कोपऱ्याच्या हद्दीपर्यंत गेलो. तिथलं रोप काढलं तर मुळावर माळेसारख्या गाठी! चाकूने एक चिरली. आतून गुलाबी, मांसासारखी. म्हणजे जिवंत, कामाला लागलेली.

आणि मग उठता येईना. अर्धा तास निळं आभाळ बघत पडलो. वर एक ससाणा घिरट्या घालत होता. म्हटलं, बाबा, अजून वेळ आहे.

रोविनाने शोधलं. पळत आली, काखेत हात घालून उठवलं. वृद्धाश्रमात रोज म्हातारे उचलते, तिला काय. मग माझ्या हातातली रोपं बघितली. त्या गुळगुळीत मुळांकडे बघताना तिच्या चेहऱ्यावरचा रंग जाताना मी पाहिला.

"गाठीच नाहीत," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "मी काहीतरी चुकवलं. पाण्यात क्लोरीन असेल. फवारणी बरोबर लागली नसेल."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही. म्हणालो, "मला बर्फ हवाय."

२५ जून

युरिया! आत्ता युरिया टाकला तर फुलोऱ्याच्या आत रोपं सावरतील. नत्र मिळण्याशी मतलब, जिवाणू देवोत की पोतं. चाळीस वर्षांच्या शेतकऱ्याला हे कुणी सांगायला नको.

पण युरिया टाक म्हणायचं तर का, ते सांगावं लागेल. गाठी येणारच नाहीत याची खात्री तुम्हाला कशी डॅड, असं ती विचारेल. तिला अजून आशा आहे, गाठी उशिरा येतात म्हणे. कुठेतरी वाचलंय तिने.

२९ जून

आज नाही सांगितलं.

२ जुलै

आजही नाही.

६ जुलै

एकशेवीस एकर लिंबासारखे पिवळे. डनमूरमधले ट्रक आता आमच्या कडेने सावकाश जातात. कुणी थांबत नाही, नुसता वेग कमी करतात. त्यापेक्षा थांबून हसले असते तर बरं.

रोविनाने शहरातून पाणी तपासून आणलं. क्लोरीन नाही. फवारणीची नळी चारदा मोजली. एक रजिस्टर घातलंय, रोज मुळं उपटते आणि लिहिते. कोपरा हिरवा का, यावर तीन पानं. पाणथळीची ओल, खालची माती, कुंपणाची सावली... शहाणी पोर, सगळ्या ठिकाणी शोधतेय, एक ठिकाण सोडून.

जेवताना कमी बोलते. झोन्या तिच्या ताटात बटाटा भरलेले वरेनिके वाढत राहते आणि माझ्याकडे बघते.

१३ जुलै

मी जिंकलो.

जेवण झाल्यावर रोविना खणातले रेम्पलचे कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवले. वर पेन. "सही करा, डॅड. तुमचं बरोबर होतं. मला मुगातलं कळतं, इथलं काही कळत नाही. उगाच एक वर्ष वाया घालवलं तुमचं."

झोन्याने बिटाच्या बोर्शचा वाडगा वाढला. मी तो संपवला. पेनला हात लावला नाही.

१४ जुलै

सकाळी उठून अंगण ओलांडलं. काठीसुद्धा विसरलो. तिच्या स्वयंपाकघरात ती डॅनीचा डबा भरत होती, डॅनी तिथेच बूट बांधत होता. बसलो नाही. बसलो असतो तर परत उठलो असतो आणि न सांगता गेलो असतो. सगळं सांगितलं. उणे चौदा, हीटर, वॉकर, एल्मर, एक पेटी, कोपरा.

डॅनी म्हणाला, "बाबा!"

रोविनाने डब्याचं झाकण लावलं. मग बोलली. आवाज अजिबात चढवला नाही, तो चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"पेट्या तापल्या त्याचं काही नाही, डॅड. तुम्ही माझ्यासाठीच बर्फातून नेल्या. चूक कुणाचीही होते. पण तीन आठवडे मी त्या पाण्याला, त्या नळीला, स्वतःला दोष देत होते, आणि तुम्ही समोर बसून बोर्श पीत होता."

मग म्हणाली, "जूनमध्ये सांगितलं असतं तर युरिया टाकून अर्धं पीक वाचवलं असतं."

"माहीत होतं मला," मी म्हटलं.

हे का म्हणालो? नसतो म्हणालो तर चाललं असतं. पण आता खोटं बोलवेना.

ती कामाला निघून गेली. मी तिच्या खुर्चीत बसून रडलो. एकोणसत्तर वर्षांचा. डॅनी खाणीची गाडी चुकवून शेजारी उभा राहिला.

१५ जुलै

झोन्याला कळलं. ओरडली नाही. भांडी घासता घासता म्हणाली, "खुबा बदलून मिळतो, नेस्टर. बाकीचं कुठे मिळतं ते विचारून घे." पाठ माझ्याकडेच ठेवली.

३ ऑगस्ट

रोविना 'हो डॅड, नाही डॅड' करते. पूर्वीही तेवढंच म्हणायची, पण आता ऐकायला वेगळं लागतं. कोपऱ्यातल्या मसुराला शेंगा मात्र लदबदून.

२८ ऑगस्ट

मळणी. मशीन रोविनानेच चालवलं, मी ट्रक. आठवडाभरापूर्वी डॉक्टरने गाडीला परवानगी दिली, नाहीतरी मी चालवणारच होतो.

कोपऱ्याचे चाळीस एकर वेगळे मोजले. एकरी चौतीस बुशेल! उरलेल्यात पंधरा. सगळं मिळून वीसच्या आत. पण चौतीस! माझ्या गावात मसुराचा असा उतारा कुणाला आलेला मला ठाऊक नाही.

दुपारी रेम्पल आला. टोपी काढली, पण माझ्याकडे नाही, सरळ रोविनाकडे गेला. मूठभर मसूर चोळून तिच्याशी अर्धा तास बोलला. ती मुळं दाखवत होती, रजिस्टर दाखवत होती. मला वाटलं, पट्ट्याचं विचारतोय. विचार म्हणावं. उत्तर मी देणार आहे.

१ सप्टेंबर

रेम्पलचे कागद आज चुलीत घातले. चूल पेटवायला छान होते.

ठरवलंय. नुसता उत्तरेचा तुकडा नाही, सगळी शेती, आजोबांनी कुऱ्हाडीने मोकळी केलेली सगळी जमीन — रोविनाच्या नावावर. डॅनीच्या नाही, तिच्या. डॅनीला विचारलं तर म्हणाला, "मला ट्रॅक्टर चालवायला दिला म्हणजे झालं." झोन्याला सांगितलं तेव्हा तिने दीड महिन्यानंतर पहिल्यांदा माझ्या कॉफीत साखर घातली.

भाषण तयार करतोय. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. 'पोरी' म्हटलं की पुढचं आठवत नाही, तो शब्द काढावा लागेल.

८ सप्टेंबर

झोन्याने कोबीच्या पानांचे भरले रोल केले, सत्तर. रविवार, सगळे टेबलाला. भाषण अर्ध्यात विसरलो. एवढंच म्हणालो, "ही शेती तुझी आहे. मी तुझ्याकडे कामाला राहतो, ठेवलंस तर."

रोविनाने ताट बाजूला सारलं. मग उठून माझ्या गालाला गाल लावला. "थँक्यू, डॅड. मला थोडे दिवस द्या. विचार करून सांगते."

विचार काय करायचाय! पण करू दे. चांगल्या घरची पोर पहिल्या वाढीला नाहीच म्हणते.

काय बरं वाटतंय. नर्स असती तर लिहिलं असतं — दुखणं : शून्य.

१२ सप्टेंबर

रोविनाने उत्तर दिलं. रेम्पलकडे जाते आहे — त्याचा सगळा मसूर, सगळा वाटाणा, सहा हजार एकर तिच्या हाताखाली. राहायलाही तिकडेच, डॅनीसकट. एल्मरने मे महिन्यातच कॉफीच्या टेबलावर सगळं ओकून टाकलं होतं. रेम्पलने तिला पहिलं तेच विचारलं : सासऱ्याने पेट्या भाजल्या, हे तुला कधी कळलं?

"मी सांगितलं, गावात सगळ्यांत शेवटी," रोविना म्हणाली.

मी विचारलं, मग येत्या वसंतात मी मसूर पेरला तर त्याला ते किडे लावायला येशील का?

म्हणाली, "रेम्पलना विचारून सांगते, डॅड."